लाकडावरचा वाफा

चतुराबाईंनी सत्तेचाळीस वर्षं दर श्रावणात घराच्या भिंतीशी वालाचं बी टोकलं आणि त्या वेलाची शेंग एकदाही खाल्ली नाही.

यात नशिबाचा भाग नव्हता, महिन्यांचा होता. वाल थंडीत शेंग धरतो, आणि चतुराबाईंचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं. दिवाळी झाली की पाटोद्याकडच्या माळावरची मेंढरं गंगथडीला, म्हणजे गोदावरीकाठच्या काळ्या रानांत उतरायची आणि जेठात परत वर यायची. वेल फुलावर यायचा तेव्हा चतुराबाई चकलांब्याच्या शिवारात तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत असायच्या. शेंगा शेजारच्या छबुबाई तोडायच्या. ही चोरी नव्हती. मेंढरं उतरली की मागे राहिलेल्या वेलाला जे येईल ते शेजाऱ्याचं, असा वस्तीचा रिवाज होता; शेजाऱ्याने त्या बदल्यात बंद घरावर नजर ठेवायची. जेठात छबुबाई न चुकता सांगायच्या, "औंदा लई गोड व्हत्या गं चतुरा तुझ्या शेंगा."

गेल्या उन्हाळ्यात चतुराबाईंच्या नवऱ्याचे, म्हाळूबांचे, गुडघे गेले. बीडच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की रोज दहा-बारा किलोमीटर चालणं आता संपलं. म्हाळूबांचं वय बहात्तर. मग घरात ठरलं: या दिवाळीला मेंढरं मुलगा अंगद नेईल, सोबत पुतण्या सुग्रीव. तळावर भाकरी करायला आणि कोकरं सांभाळायला सुग्रीवची बायको बबिता. म्हाळूबा आणि चतुराबाई घरीच राहतील.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता चतुराबाई सुनेला म्हणाल्या, "योगिता, औंदा मी माझ्या येलाच्या शेंगा खाणार."

"खा की आत्याबाई. कोन न्हाई म्हणतंय?"

"म्हणतंय की. ह्यो मुरूम."

घराभोवती वीतभर माती, खाली मुरूम. पाऊस पडला की पाणी घसरून जायचं आणि आठ दिवसांत जमीन तापायची. तिथला वेल जगायचा, पण हडकुळा. छबुबाईंना पुरेल एवढ्या शेंगा त्यावर यायच्या. चतुराबाईंना तेवढ्यात भागवायचं नव्हतं. एकदा थांबायचं तर पोटभर खायचं होतं.

योगिता, म्हणजे अंगदची बायको, गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. त्यामुळे ती मेंढरांमागे जात नसे. बचतगटाच्या बायकांसोबत पाटोद्याला एका शिबिराला गेली असताना तिने एक उंच वाफा पाहिला होता. खड्ड्यात जुनी, कुजकी लाकडं रचायची, त्यावर फांद्या, पालापाचोळा, खत, आणि सगळ्यात वर माती. लाकूड पावसाचं पाणी पिऊन ठेवतं. वरून पाणी तुटलं तरी मुळांना ओल मिळत राहते, आणि लाकूड कुजेल तसं त्याचंच खत होतं.

म्हाळूबांना हे पटलं नाही. "लाकूड जाळायला असतंय. पुरायला मानूस."

"मामा, तुमी निस्तं बसून सांगा. पहार मी मारते."

"गुडघे गेलेत माजे, हात न्हाई गेले. सरक."

आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यात खणायला सुरुवात झाली. पहिली जागा भिंतीशेजारची धरली होती. छबुबाईंनी कुंपणावरून पाहिलं आणि त्या आतच आल्या.

"चतुरा, वाळवीला जेवायचं आवतन देती व्हय गं? तुजं घर खाऊन झालं की माज्या दाराला येईल की ती!"

बोलणं खरं होतं. जागा घरापासून दहा पावलं लांब सरकवली. आठ फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट खोल. त्या दीड फुटाला तीन दिवस लागले.

लाकडासाठी फार हिंडावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी वादळात पडलेला शेवगा घरामागे तसाच होता. अंगठा दाबला तर खळगा पडेल इतका मऊ झालेला. ओढ्यातून पांगाऱ्याचं एक खोड ओढत आणलं. तरी खड्डा भरेना. मग योगिताने छपरीचा कोपरा उपसायला काढला. तिथे मेंढरांमागच्या संसारातलं सगळं मोडकं लाकूड साठलं होतं: पालाचे, म्हणजे तळावरच्या कापडी तंबूचे, वाकलेले दांडे, मेखा, घोड्याच्या खोगिराची चौकट, तडा गेलेली काठवट. घोडं विकून सहा वर्षं झाली होती. आता तळ हलवायला पिकअप येई.

म्हाळूबा खड्ड्याच्या काठावर बसले आणि एकेक लाकूड हातात घेऊ लागले.

"ह्यो दांडा दिंद्रुडचा. वावटळीत पाल उडालं तवा आसाराम सुतारानं दिलता. बदल्यात शेळीचं दूध बी घेतलं न्हाई त्यानं."

"टाका," चतुराबाई म्हणाल्या.

"ही मेख गेवराईच्या पुलाजवळची. लई पाऊस झालता अवकाळी."

"मेखा सगळ्या सारख्याच दिसत्यात."

"तुला दिसत्यात."

काठवट चतुराबाईंनी स्वतःच टाकली. म्हाळूबांनी चतुराबाईंकडे पाहिलं, पण त्या पुढचं लाकूड उचलत होत्या. ज्या काठवटीत त्यांनी हजारो भाकरींचं पीठ मळलं, तिच्याबद्दल सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नसावं. किंवा असेल तर ते बोलून दाखवण्याची त्यांना सवय नव्हती.

एक दांडा मात्र दोघांनीही ओळखला. बाभळीचा, मधे गाठ असलेला. बेचाळीस वर्षांपूर्वी पौषात याच दांड्याच्या पालात अंगद जन्मला, चकलांब्याला केशरबाईंच्या रानात. मेंढरं पुढे गेली आणि केशरबाईंनी चतुराबाईंना सव्वा महिना आपल्या घरी ठेवून घेतलं. त्यांच्या परसात वालाचा मांडव होता. बाळंतिणीला वाल चालत नाही म्हणून चतुराबाई रोज तो नुसता बघायच्या. निघायच्या दिवशी केशरबाईंनी पाटीभर शेंगा तोडल्या, कढईभर भाजी केली आणि समोर बसून खायला लावली. जाताना पदरात मूठभर बी बांधलं. भिंतीशी टोकायचं बी तेच. तोवर चतुराबाई मिळेल ते बी टोकत. त्यानंतर दुसरं कधी टोकलं नाही. केशरबाईंना जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

"ह्यो ऱ्हाऊ द्यावा का?" म्हाळूबांनी विचारलं.

"कशाला? अंगदला दोन लेकरं झाली. टाका."

म्हाळूबांनी तो टाकला नाही. काठी टेकत उठले, खड्ड्यात वाकले आणि कडेला नीट लावून ठेवला.

लाकडांवर तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पराट्या, त्यावर लिंबाचा पाला. कडेने रानातल्या दगडांची भिंत चढवली, चतुराबाईंना वाकावं लागू नये म्हणून कमरेपर्यंत. पाझर तलावातला गाळ सुग्रीवने पिकअपमधून आणून टाकला. रचून झालेल्या वाफ्याकडे बघत तो म्हणाला, "काका, इतकी लांब कबर कुनाची वं?"

"आडवा हो बे. माप तुजंच घेतलंय."

त्याच आठवड्यात योगिताला अंगणवाडीच्या कामाने आठ दिवस बीडला प्रशिक्षणाला जावं लागलं. जाताना तिने बजावलं, "लेंडी खाली लाकडात भरा मामा. वर बिलकूल नको. वर निस्ता गाळ."

ती गेल्यावर म्हाळूबांनी वाफ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. वर नुसता राखी रंगाचा गाळ होता. त्यांना ते दरिद्री वाटलं. खत म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. गंगथडीचे शेतकरी त्यांच्या मेंढरांची वाट बघत. रानात मेंढरं बसवायची म्हणजे चार रात्री कळप तिथेच कोंडायचा. लेंडी आणि मूत जमिनीला मिळायचं आणि पुढच्या पिकाची चिंता मिटायची. मेंढरं आधी कुणाच्या रानात बसवायची यावरून दोन भावांत भांडण लागलेलं त्यांनी पाहिलं होतं.

"पन्नास वरसं परक्याच्या रानात खत बसवलं," ते चतुराबाईंना म्हणाले, "आन घरच्या वाफ्याला कंजुषी कावून करायची?"

त्यांनी मेंढरांच्या वाड्यातून पाच पाट्या ताजी लेंडी आणवली, गाळावर चार बोटं जाडीचा थर दिला आणि वरून पाणी मारलं. चतुराबाईंनी चौदा बिया टोकल्या. सहाव्या दिवशी बारा उगवल्या. आठव्या दिवशी पानांच्या कडा तांबूस झाल्या. योगिता परत आली त्या सकाळी एकही रोप उभं नव्हतं.

तिने वाफ्याकडे पाहिलं. रागवायचं होतं, पण सासऱ्यावर रागवायची रीत नव्हती. "मामा, हात घाला मातीत."

म्हाळूबांनी मनगटापर्यंत हात घातला आणि लगेच काढून घेतला. आत चुलीतल्या राखेसारखं ऊन होतं.

"कावून तापलंय हे?"

"ताजी लेंडी तापतीच की. कुजंपतूर."

"मग गंगथडीची रानं कशी पिकत्यात?"

उत्तर चतुराबाईंनी दिलं, वाफ्याच्या दगडावर बसल्या बसल्या. "आपुन बसवून पुढं जातो. ते नांगरत्यात, दोन-चार महिनं तापू देत्यात, मग पेरत्यात. पीक उगवतं तवा आपुन हिकडं असतो. आपुन कवा बघितलं?"

हे खरं होतं. म्हाळूबांनी शेकडो एकर रान खतवलं होतं. त्यातलं एकही पीक उगवताना त्यांनी पाहिलं नव्हतं. बाजरी कशी आली हे त्यांना पुढच्या वर्षी, तिच्या सरमाडाच्या, वाळल्या ताटांच्या, गंजीवरून कळायचं.

पुढचे दोन दिवस त्यांनी वाफ्याला कुणाला हात लावू दिला नाही. वरचा थर खुरप्याने ओढून काढला, कडेने भोकं पाडून तीच लेंडी खाली लाकडांच्या फटींत कोंबली, नवा गाळ चढवला. मग रोज सकाळी आणि दिवस मावळताना ते मातीत हात घालून बसत, एखाद्या आजारी कोकराचं अंग बघावं तसे. पंधरा दिवसांनी म्हणाले, "टोक आता."

बी संपलं होतं. चतुराबाई कुंपणापाशी गेल्या.

"छबुबाई, बी हाय का गं?"

"हाय की. तुमच्या म्हाळूबांनी भाजून खाल्लं म्हनं?"

"भाजलं खरं. खाल्लं न्हाई."

छबुबाईंनी राखेच्या डब्यातून बी काढून दिलं. "चाळीस वरसं तुजा येल खाल्ला. दोन मुठी बी द्यायला माजं काय जातंय?"

भादव्याच्या सुरुवातीला दुसरं टोकण झालं, महिनाभर उशिरा. मग बावीस दिवस पाऊस आला नाही. छबुबाईंच्या भेंडीने माना टाकल्या, भोपळ्याचा वेल दुपारी चिंधीसारखा लोंबायचा. वाल मात्र तुराटीला धरून वर सरकत राहिला. म्हाळूबांना राहवेना. त्यांनी कडेचा एक दगड काढून आत हात घातला, शेवग्याचा एक तुकडा ओढून काढला आणि मुठीत दाबला. बोटांतून पाणी गळालं. त्यांनी तो तुकडा छबुबाईंना, सुग्रीवला आणि रस्त्याने जाणाऱ्या दोघांना दाबून दाखवला. योगिताला नाही दाखवला. संध्याकाळी तिने भाकरी वाढली तेव्हा एवढंच म्हणाले, "लाकूड पानी धरतंय म्हनायचं."

दसऱ्याला वेलाने वाफ्यावर घातलेला मांडव गाठला. दिवाळीच्या तोंडावर पानांच्या बेचक्यांत कळीचे तुरे दिसू लागले. चतुराबाई रोज मोजायच्या. कितव्या दिवशी फूल, कितव्या दिवशी शेंग, हे त्या छबुबाईंना विचारायच्या. सत्तेचाळीस वर्षं बी टोकूनही त्यांना ते ठाऊक नव्हतं.

वसुबारसेला बबिता ओल्या फरशीवर घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. दीड महिना पलस्तर.

पाडव्याच्या दिवशी जेवण झाल्यावर अंगद आईजवळ बसला. तो बराच वेळ हात पुसत होता.

"माय, दीड महिन्याचीच गोष्ट हाय. आमी दोघं मेंढरामागं जाणार. तळावर कोकरं कोन बघंल? बाचं समदं योगिता बघती हितं."

"कवा निघायचं?" चतुराबाईंनी विचारलं.

"परवा. भाऊबीज करून."

त्यांनी नाही म्हटलं नाही. म्हणायचं असतं हे त्यांच्या लक्षात आलं असेलच असं नाही. मेंढरं निघाली की निघायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांनी दोन लुगडी, तवा आणि मिठाची पुडी बांधली. मग वाफ्यापाशी गेल्या आणि वाऱ्याने सुटलेले शेंडे एकेक करून मांडवाला बांधू लागल्या. छबुबाई कुंपणापलीकडे उभ्या होत्या.

"तू खुशाल जा. शेंगा खायला मी हाय की," त्या नेहमीच्या सवयीने म्हणाल्या. म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "तसं न्हाई गं चतुरा. मी वाळवून ठिवीन तुला."

"वाळल्याला काय करू," चतुराबाई म्हणाल्या आणि शेंडा बांधत राहिल्या.

छपरीत बसलेल्या म्हाळूबांनी हे ऐकलं.

निघायच्या सकाळी पिकअप दारात लागली. पाल, जाळी, पीठ, कोकरांच्या पाट्या चढल्या. अंगद आईचं गाठोडं घेऊन पुढच्या दाराशी गेला तर सीटवर म्हाळूबा बसलेले होते. डोक्याला पटका, मांडीत काठी.

"बा, उतरा. माय बसंल तिथं."

"माय न्हाई येत. मी येतो."

"डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"चालू नको म्हनला. बसू नको म्हनला का? तळावर बसायचंच हाय. कोकरं मी बघतो."

"आन भाकरी?"

"थापीन."

सुग्रीव आधी हसला. "काका, उभ्या जिंदगीत चहा तरी केला का तुमी? गंगथडीला सगळ्या तळांवर बोंब व्हईल, म्हाळूबा बायकोवानी चुलीपुढं बसलाय म्हनून."

"व्हऊ दे."

"तुमची भाकरी मेंढरं बी खायची न्हाईत."

"तू मेंढराहून शाना हायस का बे? खाशील." म्हाळूबांनी चतुराबाईंकडे न बघता हात पुढे केला. "तवा दे हिकडं."

चतुराबाई गाडीशी उभ्या होत्या. लोकांसमोर नवऱ्याला काही बोलायची त्यांची पद्धत नव्हती. त्यांनी गाठोड्यातून तवा आणि मिठाची पुडी काढून दिली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "पीठ मळताना पानी ऊन घ्या. गार पान्यानं तुटती."

"किती ऊन?"

"बोट घालून बघा. तुमाला येतंय की आता."

म्हाळूबा बायकोसाठी गेले की स्वतःसाठी, यावर वस्तीत पुढे बरंच बोललं गेलं. छबुबाईंच्या मते लाज वाटली म्हणून. सुग्रीवच्या मते म्हाताऱ्याला निमित्तच हवं होतं. चकलांब्याचा फाटा दिसला तेव्हा तो काच खाली करून लहान पोरासारखा बाहेर बघत होता.

मार्गशीर्ष लागल्यानंतर अकराव्या दिवशी पहिली तोड झाली. शेंगा कोवळ्या, कडेला जांभळी रेघ. चतुराबाईंनी त्या हातानेच मोडल्या, लसूण ठेचला, दाण्याचं कूट आणि तिखट घातलं. छबुबाईंना बोलावलं. तिघी चुलीजवळ बसल्या.

छबुबाईंनी पहिला घास खाल्ला. "दरसालावानीच हायत."

"मला काय ठावं दरसालचं," चतुराबाई म्हणाल्या.

छबुबाई मान खाली घालून जेवल्या. कढई रिकामी झाली. चतुराबाईंनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. उरलेलं कूट बोटाने पुसून घेतलं आणि भिंतीला टेकून जरा वेळ तशाच बसून राहिल्या.

दुपारी योगिताने फोन लावून दिला. म्हाळूबा चकलांब्याला, केशरबाईंच्या रानातल्या तळावर एकटे होते. अंगद आणि सुग्रीव मेंढरं घेऊन गेलेले.

"खाल्ल्या का?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"खाल्ल्या."

"कशा लागल्या?"

चतुराबाईंनी खरं सांगितलं. "चांगल्या हायत. पर केशरबाईच्या जास्त गोड व्हत्या."

म्हाळूबा हसले. "तू तवा अठरा-एकोणीस वरसांची व्हतीस. सव्वा महिन्याची भुकेली."

"तुमच्या भाकरी कशा व्हत्यात?"

"एक बाजू जमती."

"पाल कुठं दिलंय?"

"हिरीच्या अंगाला."

"हिरीच्या कशाला? पहाटं गार वारं येतं तिथनं. गोठ्याच्या मागं द्यायचं असतंय."

"गोठा पाडला त्यांनी. टॉवर हाय तिथं आता, मोबाइलचा."

गोठा नसलेलं ते रान चतुराबाईंना डोळ्यांपुढे आणता येईना. "आन पलीकडची चिंच?"

"चिंच हाय. लई वाढलीय. खाली कोकरं बसवलीत मी. आत्ता ऊन हाय बघ तिच्यावर."

त्यांनी चिंचेबद्दल विचारलं, बांधाबद्दल विचारलं. पाटाला पाणी सुटलं का, पाण्याच्या वाटेवरची बोरं पिकली का, शेजारच्या रानातली म्हातारी अजून बाहेर बाजेवर बसते का. म्हाळूबा एकेक सांगत गेले. योगिता मध्ये येऊन फोनची बॅटरी बघून गेली. बाहेर वाफ्यावर वेलाचा दुसरा बहर लागला होता. चतुराबाईंची पाठ तिकडे होती.

"बबिताचं पलस्तर परवा निघतंय," शेवटी त्या म्हणाल्या. "ती येती तिकडं. मग तुमी या."

पलीकडे कोकरं ओरडली.

"कोकरं लई बारीक हायत अजून," म्हाळूबा म्हणाले.

"ऱ्हावा मग," चतुराबाई म्हणाल्या. "पर पाल चिंचंखाली घ्या."